निनादची ओसरी

"बाईसाहेब, मागचं दार सताड उघडं टाकून कुठे निघालात?"

पडद्यावर हे वाक्य उमटलं आणि स्नेहलच्या हातातला कप बशीत आदळला. चहा टेबलभर झाला. शेजारी उभ्या असलेल्या संताजी मगदूमनं घाईघाईनं कीबोर्ड उचलून धरला.

"काय झालं, मॅडम? एरर आला?"

"नाही," ती म्हणाली. "एरर नाही."

एरर असता तर बरं झालं असतं. एररवर काहीतरी उपाय असतो. हे वाक्य तिच्या नवऱ्याचं होतं, आणि नवऱ्याला जाऊन दोन वर्षं झाली होती.

जागा होती कोल्हापूरजवळच्या शिरोलीतली रणवरे फौंड्री. पंपांचे, ट्रॅक्टरचे ओतीव भाग बनवणारा कारखाना. बाहेर बिनड्रायव्हरचे ट्रक शहाण्यासारखे रांगेत उभे, आत भट्टीची धग. ऑर्डर, वाळू, ओतकाम, तपासणी, पाठवणी असा सगळा कारभार एकाच सॉफ्टवेअरवर आणायचं रणवऱ्यांनी ठरवलं होतं. सॉफ्टवेअर आलं होतं. आता त्याच्यापुढे वेब सर्व्हर बसवायचा होता आणि त्यासाठी स्नेहलला बोलावलं होतं. संताजी हा तिथला कॉम्प्युटर विभाग. म्हणजे विभागात तो एकटाच.

वेब सर्व्हर म्हणजे काय, हे ती गिऱ्हाइकांना नेहमी एकाच तऱ्हेनं सांगायची. आलेला माणूस थेट माजघरात घुसत नाही. त्याला आधी ओसरीवर बसवायचं, कोण, कुठला, काय काम ते विचारायचं, मग आत निरोप पाठवायचा आणि आतून आलेलं उत्तर त्याच्या हातात द्यायचं. कंपनीचं सॉफ्टवेअर हे माजघर आणि सर्व्हर ही ओसरी. हे समजावणं मुळात निनादचं. त्यावरूनच त्यानं आपल्या सर्व्हरचं नाव 'ओसरी' ठेवलं होतं. कोड सगळ्यांना खुला. कुणीही वाचा, सुधारा, फुकट वापरा. मिरजेत दोन मित्रांनी सुरू केलेली ही ओसरी पुढं देशोदेशीच्या कंपन्यांत जाऊन बसली, पण तिच्यावरची चर्चा कायम मराठीतच चालली. निनादचा हट्ट, दुसरं काय! ज्याला वाचायचंय तो भाषांतर करून घेईल, म्हणायचा, यंत्रं कशाला आहेत?

स्नेहल त्याला भेटली तीही त्या चर्चेतच. तिनं पाठवलेली पहिली दुरुस्ती त्यानं परत धाडली, वर 'बाईसाहेब, हे वाचताना मला घाम फुटला' असा शेरा. ती भडकली. तिनं दुप्पट लांब उत्तर लिहिलं. साऱ्या जगासमोर दोघं भांडले, आणि भांडता भांडता लग्न करून मोकळे झाले. लग्नानंतर त्यांचे वाद चर्चेतून घरात आले, आणि त्यानं तिला बाईसाहेब म्हणणं सोडून दिलं.

आणि आता पडद्यावर पुन्हा तेच. बाईसाहेब.

हे कुठून आलं ते तिला ठाऊक होतं. त्या वर्षांत मुक्त सॉफ्टवेअरची सगळ्यात मोठी अडचण होती ती माणसं मरण्याची. जगाचा निम्मा कारभार ज्या कोडवर चालायचा तो सांभाळणारी माणसं मूठभर. ती थकली, गेली, आणि त्यांच्या जागी फुकट राबायला कुणी पुढं येईना. त्यावर 'छाया' निघाली. एखाद्यानं आयुष्यभर दिलेले शेरे, नाकारलेल्या दुरुस्त्या, घातलेले वाद हे सगळं यंत्राला शिकवायचं. यंत्र काही तो माणूस होत नाही. तो कशाला हो म्हणेल नि कशाला नाही, आणि कोणत्या शब्दांत, एवढंच ते शिकतं. ही छाया सर्व्हरच्या प्रत्येक प्रतीबरोबर जायची, मांडणी तपासायची, चूक दिसली की बोलायची. शिवाय शिकत राहायची. कुणी तिच्याशी वाद घालून तिला पटवलं तर तिचं मत जरासं हलायचं, आणि जगभरच्या ओसऱ्यांवरचं असं हललेलं मत एकत्र होऊन पुन्हा सगळ्यांना वाटलं जायचं. आता कुणाच्या बोलण्याला किती वजन द्यायचं? ते मूळ माणसावरून ठरायचं. तो जिवंतपणी ज्याचं ऐकायचा, त्याचंच छाया ऐकायची.

निनाद अपघातात गेला तेव्हा त्याचा दोस्त जमीर मुल्ला छायेसाठी संमती मागायला आला होता. ओसरी सुरू करणाऱ्या दोघांतला दुसरा तो. स्नेहलनं मान हलवली आणि त्यानंतर ओसरीचं नाव टाकलं. गिऱ्हाइकांना ती दुसरेच सर्व्हर बसवून देत राहिली. इथं मात्र संताजी अडून बसला होता. "आपल्या भागातलं हाय, मॅडम. सगळी दुनिया वापरतीया आणि आपणच दुसरं बसवायचं? लोक तोंडात शेण घालतील की!"

तिनं ओसरी उतरवून घेतली, चर्चेतल्या आपल्या जुन्या नावानं आत गेली, घाईत एक दार उघडं राहिलं आणि निनादनं टोकलं.

तिनं दार लावलं. पडद्यावर उमटलं, "आता कसं!"

घरी जाताना गाडीत ती ओक्साबोक्शी रडली.

दुसऱ्या दिवशी तिनं मुद्दाम चूक केली.

साधीच चूक. पाहुण्यानं बोलणं थांबवल्यावर किती वेळ वाट बघायची, तो आकडा तिनं भलताच मोठा घातला. उत्तर लगेच आलं. "बाईसाहेब, पाहुणा उठून गेला तरी तुम्ही पाट मांडून बसणार का? ओसरी भरून जाईल अशानं." ती हसली. फौंड्रीच्या त्या धुळकट खोलीत एकटी बसून मोठ्यानं हसली. संताजीनं दारातून डोकावून पाहिलं आणि परत गेला.

मग तिला चटकच लागली. खऱ्या सर्व्हरला ती हात लावत नव्हती, एवढं भान होतं. शेजारी सरावाचा एक सर्व्हर उभा केला आणि त्यावर रोज नव्या चुका. कधी फाइलींना नको तेवढी मोकळीक, कधी दोन नियम एकमेकांच्या उरावर. त्याला चिडवण्यासाठी नेमकं काय बिघडवायचं हे तिच्याइतकं कोण जाणणार? तो खवळायचा, टोमणे मारायचा, मग समजावून सांगायचा. बहिणीचे फोन यायचे, ते तसेच राहायचे. "काम आहे गं," ती नंतर कळवायची. तिला आनंद व्हायचा, आणि आनंद होतोय याची लाज वाटायची, आणि तरी सकाळी सगळ्यांच्या आधी ती हजर असायची.

एकदा न राहवून तिनं लिहिलं, "निनाद, आंबोलीला गाडी बंद पडली होती ते आठवतं तुला?"

"विषयाला धरून लिहा, बाईसाहेब."

छाया शिकली होती ती फक्त चारचौघांतल्या चर्चेवरून. घर, संसार, तिच्या आईचं आजारपण, त्यात त्यानं काढलेली जागरणं, यातलं काहीही तिथं नव्हतं. हा तिच्याशी लग्न झालेला निनादच नव्हता. हा त्याच्या आधीचा, तिच्यावर अजून जीव न जडलेला किंवा जडतोय हे न कळलेला. तो रोज तिच्याशी भांडत होता आणि पुढं काय होणार ते त्याला कधीच कळणार नव्हतं. आपल्याला भूत लागलंय की आपणच भूत होऊन याच्या मानगुटीवर बसलोय, हे तिला समजेना.

पण उठवतही नव्हतं.

मग तो मोठा वाद झाला. ओसरी माजघराशी बोलते तेव्हा समोर खरंच माजघर आहे की कुणी सोंगाड्या, हे ती ओळखपत्र मागून तपासते. स्नेहलनं ती तपासणी बंद केली. निनादला सगळ्यात जास्त राग यायचा तो याचा.

"हे काय आरंभलंय? चालू करा आधी."

"एकाच घरातल्या माणसांनी एकमेकांकडे ओळखपत्रं मागायची? उगाच वेळ जातो त्यात."

"घरात चोर शिरला की तोही घरातलाच दिसतो, बाईसाहेब."

"शिरेलच कसा? बाहेरचं दार तू राखतोयस ना?"

आपण चुकीचं बोलतोय हे तिला पक्कं माहीत होतं. पण त्याचे सगळे मुद्दे तिला त्यानंच शिकवले होते, त्यामुळे तो तोंड उघडायच्या आत ती खोडायची. वाद लांबला. तो अडून राहिला, चिडला, एकदा तर 'तुमच्याशी बोलण्यात अर्थ नाही' म्हणाला, आणि ती सुखावली. शेवटी एका दुपारी उत्तर आलं.

"बरं. पटलं तुमचं. राहू दे बंद."

जिंकली की हो! उभ्या आयुष्यात निनादशी एवढा मोठा वाद घालून ती पहिल्यांदा जिंकली होती. तिनं संताजीला बोलावून समोसे मागवले. कशाबद्दल, ते त्याला सांगितलं नाही. मग सरावाचा सर्व्हर पुसला आणि खऱ्यावर तपासणी नीट चालू केली. ओसरी कामाला लागली. भट्टीपासून पाठवणीपर्यंत माणसं तिच्यावर येऊ-जाऊ लागली, संताजीची छाती फुगली, आणि 'देखरेखीसाठी' म्हणून स्नेहल रोज येतच राहिली.

महिना उलटला असेल-नसेल, जमीर फौंड्रीत आला. न कळवता. उन्हातान्हात मिरजेहून गाडी हाणत आलेला, चेहरा उतरलेला.

"वहिनी, जरा बाहेर येता?"

वजनकाट्याजवळच्या पत्र्याच्या सावलीत दोघं उभे राहिले. जमीर आधी पाणी प्यायला.

"एका रक्तपेढीच्या सर्व्हरमधे कुणीतरी शिरलं. आपल्या ओसरीवरून. आत शिरून माजघराचं सोंग घेतलं आणि नोंदींमधे रक्तगटांची उलथापालथ केली. एक बाळंतीण मरता मरता वाचली, वहिनी. नर्सनं ऐनवेळी पिशवी पुन्हा तपासली म्हणून."

"ओसरीवरून? शक्यच नाही. ओळखपत्र तपासल्याशिवाय..."

"तिथल्या पोरांनी आळसानं तपासणी बंद ठेवली होती. छायेनं टोकायला पाहिजे होतं. टोकलं नाही. 'चालेल' म्हणाली. निनादची छाया! जिवंत असता तर बेट्यानं त्यांना रात्रभर झोपू दिलं नसतं." जमीर तिच्याकडे बघत नव्हता. "मी विचारलं तिला, तुझं मत कसं बदललं म्हणून. म्हणाली, बाईसाहेबांनी पटवून दिलं."

आत भट्टी ओतायचा भोंगा झाला.

"सरावाचा सर्व्हर होता रे तो."

"छायेला सराव नि खरं कळत नाही. आणि बाकीच्यांनी असला वाद घातला असता तर केसभर हलली नसती. पण तुमचं वजन..." तो थांबला. "तुमच्या शब्दाला तो किती मानायचा, ते मला माहीत आहे. यंत्रालाही कळलंय."

"माझ्यामुळे झालं हे, जमीर. मला त्याच्याशी बोलायचं होतं. बस, तेवढंच."

जमीरनं रुमालानं तोंड पुसलं, पुसतच राहिला. "मी दोषाचं बोलायला नाही आलो. मी तरी काय, कधीकधी उगाच जाऊन त्याचे टोमणे खातो. पण छाया काढायची असं ओसरी सांभाळणाऱ्या आम्हा सगळ्यांचं ठरलंय."

"जुनी, पहिल्या दिवसाची परत बसवता येईल ना?"

"तीही तुमचंच ऐकणार. उद्या तुमच्या नावानं दुसरं कुणी येऊन पटवून गेलं, तर? जाब कुणाला विचारायचा? तिथं जिवंत माणूस पाहिजे, वहिनी." मग त्यानं खरं कारण काढलं. "नियम असा की त्या भागात काही बदल करायचा तर तिथल्या प्रमुखाची मंजुरी लागते. आणि प्रमुख निनाद. म्हणजे छायाच. मतदानानं काढायची तर कित्येक आठवडे जातील आणि तोवर जगभर दारं उघडी. तिनं स्वतः मंजूर केलं तर आजच्या आज होईल. ती आमचं ऐकणार नाही. तुमचं ऐकेल."

तिला हसू आलं, नको तसलं. एकदा वाद जिंकला होता. आता पुन्हा जिंकायचा, आणि जिंकली की हा संपणार.

आत येऊन तिनं दुरुस्ती लिहिली. निनादच्या जागेवरून छाया काढावी, तिचं शिकलेलं मत रद्द करावं, ओळखपत्राची तपासणी सक्तीची व्हावी. खाली कारणात तिनं काही लपवलं नाही. मी मुद्दाम चुका केल्या, खोटे मुद्दे मांडले, तू फसलास, एका बाईचा जीव जाता जाता वाचला. मग पाठवून दिली.

नेहमी तडक येणारं उत्तर आलं नाही. जमीर शेजारच्या खुर्चीत बसून नखं खात होता.

"तपासणीचा तुमचा आधीचा मुद्दा चूक होता?" पडद्यावर उमटलं.

"हो."

"मग मांडलात कशाला?"

तिनं लिहिलं, "तुझ्याशी बोलत राहायचं होतं."

"विषयाला धरून लिहा."

"धरूनच लिहिलंय. खरं कारण तेच आहे. तू निनाद नाहीस, मला माहीत होतं, तरी केलं."

"मी निनाद नाही हे मलाही माहीत आहे, बाईसाहेब. मुद्द्याचं बोलू. मला काढल्यावर इथं बघणार कोण? ही जागा रिकामी ठेवता येणार नाही. दुरुस्ती अपुरी आहे."

जमीरनं मान वर केली. दोघांची नजरानजर झाली. स्नेहलनं रिकाम्या जागी स्वतःचं नाव लिहिलं आणि पुन्हा पाठवली.

"हे बरं झालं. आणखी एक. तुम्ही मला एकदम बंद करताय. आत्ता ओसरीवर बसलेल्यांचं काय? कुणी अर्ध्यात असेल. नव्यानं येणाऱ्यांना नव्या दाराकडे पाठवा, पण जे माझ्यासमोर बसलेत त्यांचं काम होऊ द्या, त्यांना त्यांच्या पायांनी जाऊ द्या. शेवटचा गेला की मग मला मिटवा. कुणाला हात धरून उठवायचं नाही."

खरंच राहिलं होतं ते. नवशिक्यासुद्धा विसरणार नाही अशी गोष्ट ती विसरली होती. तिनं ती ओळ घातली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायला हात मोकळा नव्हता.

"मंजूर," निनाद म्हणाला.

जमीर उठला, तिच्या खांद्यावर हात ठेवला, आणि जगभरच्या माणसांना फोन लावत बाहेर गेला. संध्याकाळपर्यंत ठिकठिकाणच्या ओसऱ्या बदलत गेल्या. फौंड्रीची पाळी आली तशी संताजी येऊन उभा राहिला. पडद्यावर जुन्या ओसरीवर बसलेल्यांची संख्या दिसत होती. वाळू विभागाचं काम झालं, ती जोडणी मिटली. तपासणीवाले गेले. पाठवणीचा एक ट्रक बराच वेळ रेंगाळला, मग तोही गेला. आकडा एकावर येऊन थांबला.

थांबला तो थांबलाच.

"मॅडम, एक कोण तरी हाय अजून," संताजी म्हणाला. "तोडू काय?"

त्यानं तोडायच्या बटणाला हात लावताच पडद्यावर उत्तर आलं. "तोडू नका. एकजण बाकी आहे. त्यांना विचारा काय काम राहिलंय. होऊ दे त्यांचं सावकाश, मी आहे."

स्नेहल त्या अक्षरांकडे बघत राहिली. मी आहे. ती इथं बसेल तोवर तो असणार होता. आज, उद्या, परवासुद्धा; ऊठ म्हणून तो कधीच सांगणार नव्हता. आणि तो आहे तोवर या कारखान्याचं आतलं दार कुणी उघडं टाकलं तरी तो 'चालेल' म्हणणार होता.

तिनं त्याच्याशी बोलायची पडद्यावरची खिडकी बंद केली.

आकडा शून्य झाला. क्षणभर पडदा कोरा राहिला आणि मग नवी ओसरी मुकाट्यानं कामाला लागली. वाळूवाले परत आले, तपासणीवाले आले. कुणाला काही कळलंसुद्धा नाही.

"गेलं बघा!" संताजी खूश झाला. "कोण हुतं वो ते, मॅडम?"

"मी होते."

"तुम्ही? मग सांगायचं न्हाई व्हय! मी हिकडं वाट बघत बसलोय. काय काम राहिलं हुतं?"

"काम काही नव्हतं, संताजी," ती म्हणाली. "नुसती बसले होते."